अठरावीच्या खाली एकविसावी

अंबुबाईच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं आणि मग बातमी. पाणी सून विजयमाला आणायची. बातमी भिंतीवर होती. काचेच्या चौकटीत पिवळं पडलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, त्यात मधोमध अंबुबाई, कपाळभर कुंकू, हात वर, मागं साठ-सत्तर बाया, आणि वर ठळक अक्षरांत 'आडवी बाटली जिंकली'. पाहुण्यानं आपणहून विचारलं तर ठीक. नाहीच विचारलं तर अंबुबाई पदर सावरत नेमकी त्या भिंतीखाली येऊन बसायची आणि म्हणायची, "ऊन लई हाय न्हवं? मतदानाच्या दिवशीबी असंच हुतं." मग पाहुण्याची सुटका नसायची.

गोष्ट खरी होती. वीस वर्षांमागं, मैंदर्गीच्या पलीकडं कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या धनगरवाडीत दारूचं दुकान होतं. मेंढरं विकून आलेला पैसा दुकानात जायचा आणि बाप्ये तिथून चार पायांवर घरी यायचे. दुसरीत शाळा सुटलेल्या अंबुबाईनं घरोघर जाऊन बाया उठवल्या, तहसीलदारापुढं ठाण मांडलं, आणि मतदान लावून घेतलं. मत फक्त बायांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहील, आडवी म्हणजे जाईल. आडवीवर एवढे शिक्के पडले की दुकानदार मोजणी संपायच्या आत कुलूप शोधायला गेला. तेव्हापासून अंबुबाईचं बोलणं म्हणजे वाडीचा कायदा झाला. पुढं नवरा सिदाप्पा वारला, लेक शहाजी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात लागला, ती तिथंच जुळे सोलापूर भागात राहायला आली. मेंढरं गेली, वाडी सुटली, कायदा तेवढा सोबत आला.

नोव्हेंबरात एका दुपारी नात राजनंदिनी शाळेतून आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "आज्जी, मला अठरावी आली!"

अंबुबाई ज्वारी निवडत होती. "काय आठरावी? नीट बोल की. दप्तर उचल आधी."

राजनंदिनीनं दप्तर उचललं आणि सांगितलं. ती दहावीत होती. संविधान दिनाला दरवर्षी पोरं आपल्याच घटनेची भाषणं पाठ करून म्हणतात, म्हणून रेश्मा मॅडमनी औंदा अमेरिकेची घटना घेतली होती. त्या घटनेत आजवर सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. मॅडमनी सत्तावीस चिठ्ठ्या केल्या, डब्यात घातल्या, ज्याला जी येईल ती त्यानं शिकायची, तक्ता करायचा आणि सगळ्यांपुढं समजावून सांगायची. कुणाला बोलायचं स्वातंत्र्य आलं, कुणाला गुलामगिरी बंद केलेली आली. राजनंदिनीला अठरावी आली.

"आणि अठरावीत काय आहे सांगू? दारूबंदी! आख्ख्या अमेरिकेत! करायची नाही, विकायची नाही, न्यायची नाही."

अंबुबाईची बोटं थांबली. मान ताठ झाली. "आगं बया! तितंबी आडवी बाटली केली व्हय बायांनी?"

"नाही गं. तेव्हा तिकडं सगळ्या बायकांना मतच नव्हतं. ते एकोणिसाव्या दुरुस्तीत मिळालं, नंतर."

"मंजी बाप्यांनीच बाप्यांची दारू बंद केली?" अंबुबाई खदाखदा हसली. "मग कसली टिकतीय! मांजरानं शिंक्याला राखण बसावं तसं झालं की."

"नाहीच टिकली!" राजनंदिनी टाळी देऊन म्हणाली. "चोरून प्यायला लागले. दिवसा बंदीच्या बाजूनं बोलायचे आणि रात्री त्यांच्याच घरी बाटल्या. चौदा वर्षांत सगळे वैतागले आणि एकविसावी दुरुस्ती आणली. अठरावी रद्द."

अंबुबाई आता हसत नव्हती. सुपातले खडे नखानं बाजूला करत तिनं विचारलं, "मग ती आठरावी खोडून टाकली?"

"तीच तर गंमत आहे. खोडत नाहीत. अजून छापतात तशीच. चुकलेलं वर तसंच राहतं आणि खाली लिहितात की हे चुकलं. मॅडम म्हणाल्या, वाचणाऱ्याला दोन्ही दिसलं पाहिजे."

"चुकलेलं ठेवत्यात कशाला? आपली लाज आपुनच जगाला दावायची?"

"मला काय माहीत. तसंच आहे."

पोरगी खायला आत गेली. अंबुबाई सूप मांडीवर घेऊन बसून राहिली. समोरच्या काचेतून हात वर केलेली अंबुबाई तिच्याकडं बघत होती.

त्या कात्रणाखाली काय लिहायचं राहिलंय, ते तिला एकटीला ठाऊक होतं.

दुकान बंद झाल्यावर आठ दिवसांत सिदाप्पाला कापरं भरलं. हातातली भाकरी तोंडापर्यंत जाईना. रात्र-रात्र घोंगडीत थरथरायचा, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडायचा. बाकीच्या बायांचे नवरेही थरथरत होते, त्यांना अंबुबाई सांगत होती, "मरत न्हाय कुणी, कळ काढा." स्वतःच्या घरात मात्र तिला कळ निघाली नाही. बाजाराच्या दिवशी लोकरीचं गाठोडं घेऊन ती शिवेपलीकडं गेली आणि नंदीशच्या दुकानातून एक बाटली लोकरीत खुपसून घेऊन आली. एकदा म्हणून गेली. मग दर बाजाराला गेली. पुढं नवरा मागायच्या आतच ती ओतून द्यायची, आणि सकाळी उठून दुसऱ्यांच्या घरात डोकावून वास घ्यायची.

असाच वास घेताना तिला चंद्रव्वा सापडली. गावकुसाला राहणारी, दुसऱ्यांच्या शेळ्या राखणारी बाई. नवऱ्यासाठी पाटीत शेणीखाली बाटली आणलेली. तिचाही नवरा थरथरत होता. अंबुबाईनं विचारलं नाही. तिनं चंद्रव्वाला बिरोबाच्या देवळापुढं उभी केली, ती बाटली सुतळीनं तिच्या गळ्यात बांधली, आणि शेळ्या रानातून घरी येईस्तोवर तिथून हलू दिलं नाही. पोरं खडे मारून बाटली वाजते का बघत होती. दिवस कलला तेव्हा चंद्रव्वा फक्त एवढं म्हणाली, "अंबव्वा, माझ्या घरात हुती ती मी कबूल केली. तुझ्या घरात न्हाय म्हणून भंडार उचल."

धनगराला त्याहून मोठी शपथ नाही. देवाची हळद मुठीत घेऊन बोललेलं खोटं देव घरातल्या माणसावर उतरवतो, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. सगळी वाडी बघत होती. अंबुबाई पुढं झाली, देवापुढचा भंडार मुठीत घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या घरात थेंबबी न्हाय."

चंद्रव्वा तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. महिन्याभरात घराला कडी लावून नवऱ्याला घेऊन ती वाडीतून गेली, कुठं ते कुणी विचारलं नाही. आणि नऊ महिन्यांनी सिदाप्पा पिवळा पडून गेला. डॉक्टर म्हणाला लिव्हर. अंबुबाईला मात्र तो पिवळा रंग कशाचा ते कळलं होतं. तेव्हापासून घरात खंडोबा-बिरोबाची पूजा झाली तरी भंडाराच्या वाटीला ती हात लावायची नाही. सुनेला सांगायची, "तूच लाव गं, माझं हात ओलं हायत."

दोन दिवसांनी रेश्मा मॅडमचा फोन आला. राजनंदिनीनं वर्गात आज्जीची गोष्ट सांगितली होती. "आजी, पुस्तकातली दारूबंदी पोरांना राजनंदिनी सांगेल, खरी तुम्ही सांगा. मुख्य पाहुण्या म्हणून या."

अंबुबाईनं फोनवर हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं कारण सांगता आलं नाही. मग तिचा गुडघा दुखायला लागला. विजयमालेनं तेल चोळलं तेव्हा उजवा दुखत होता, दुसऱ्या दिवशी डावा.

"आत्याबाई, कुठला ते एकदा ठरवा तरी," विजयमाला म्हणाली.

"तुला दुखंल तवा कळंल."

आदल्या संध्याकाळी राजनंदिनी तक्त्याला रंग देत होती. वर अठरावी लाल रंगात, खाली एकविसावी निळ्या. सहज म्हणाली, "आज्जी, आमच्या शाळेतल्या मावशी पण तुमच्याकडच्याच आहेत गं. चंद्रामावशी. मी तुझं नाव सांगितलं तर म्हणाल्या, ओळखते की. लई मोठी बाई."

अंबुबाईनं विचारलं, "आनि काय म्हणाली?"

"काही नाही. घंटा द्यायला गेल्या."

त्या रात्री गुडघे दुखायचे थांबले. आता न जाणं म्हणजे चंद्रव्वाला घाबरून न जाणं झालं असतं, आणि अंबुबाई आयुष्यात कुणाला घाबरून कुठं जायची थांबली नव्हती. सकाळी तिनं हिरवं इरकल काढलं, नाकात नथ घातली आणि पोरीच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

शाळेच्या हॉलमध्ये सव्वाशे पोरं सतरंजीवर बसली होती. अंबुबाईला शाल घातली, नारळ दिला, खुर्चीत बसवलं. पोरं एकेक दुरुस्ती सांगत होती. अंबुबाईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती दाराकडं बघत होती.

दारातून चंद्रव्वा आली. निळी गणवेशाची साडी, केस पांढरे, चाल तीच. स्टीलच्या ताटात पाण्याचे पेले होते. ती ओळीनं देत आली, अंबुबाईपुढं थांबली आणि म्हणाली, "पाणी घ्या."

आयुष्यभर एकमेकींना अगं-तुगं केलेलं. 'अंबव्वा, पाणी घे' म्हणाली असती, नाहीतर पाणी तोंडावर मारलं असतं, तरी चाललं असतं. त्या 'घ्या'वर अंबुबाईनं पेला घेतला आणि तोंडाला न लावताच खुर्चीखाली ठेवून दिला.

राजनंदिनी झकास बोलली. शेवटी म्हणाली, "अमेरिकेला जमलं नाही ते माझ्या आज्जीनं करून दाखवलं!" टाळ्या पडल्या. मॅडमनी माईक अंबुबाईच्या हातात दिला.

अंबुबाईनं नेहमीची सुरुवात केली. "ऊन लई हुतं त्या दिवशी." आडव्या बाटलीवर पोरं हसली. दुकानदार कुलूप शोधायला गेला त्यावर जास्त हसली. आता गोष्ट संपायची जागा आली होती. तिथं ती कायम हात वर करायची. हात वर गेला, आणि हॉलच्या मागं भिंतीला टेकून उभी असलेली चंद्रव्वा दिसली. रिकामं ताट छातीशी धरलेलं.

हात खाली आला.

"ह्या पोरीनं सांगितलं, तितं चुकलेलं खोडत न्हाईत, खाली लिवत्यात," अंबुबाई म्हणाली. "माझं खालचं लिवायचं ऱ्हायलंय. माझ्या घरात बाटली हुती. मीच आणत हुते शिवेपल्याडनं, लोकरीत घालून. आनि देवाचा भंडार उचलून सांगितलं की न्हाय म्हणून. खोटं सांगितलं."

राजनंदिनीच्या हातातला तक्ता एका बाजूनं खाली लोंबला. अंबुबाईला हलकं वाटायला लागलं, आणि हलकं वाटलं की तिची जीभ थांबत नसे. "आनि ज्या बाईला मी देवळापुढं गळ्यात बाटली बांधून उभी केली, ती बाई खरी बोलत हुती. ती बाई हितंच हाय. ती बगा, चंद्रव्वा!"

बोट दाखवलं. सव्वाशे माना एकदम मागं वळल्या.

चंद्रव्वाकडं तोंड लपवायला ताट आणि पदर एवढंच होतं. तिनं आधी ताट वर घेतलं, मग पदर तोंडावर ओढला, हुबेहूब त्या दिवशीसारखा, आणि दाराबाहेर गेली. मागच्या ओळीतलं कुणीतरी कुजबुजलं, "मावशी दारू आणायच्या?" दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

तेव्हा अंबुबाईला कळलं आपण काय केलं ते.

पुढं मॅडमनी काय सांभाळून घेतलं, टाळ्या पडल्या की नाही, तिला कळलं नाही. शाल खांद्यावरून घसरत होती तशीच, हातात नारळ घेऊन, ती जिन्याखालच्या खोलीत गेली. तिथं चंद्रव्वा पेले धूत होती. पाण्याचा नळ पुरा सोडलेला.

"चंद्रव्वा..."

"साकु," चंद्रव्वा म्हणाली. बस, पुरे. मान वर केली नाही. नळ बंद करून म्हणाली, "अकरा वर्सं झाली मला हितं. पोरं मावशी म्हणत्यात. डबा ऱ्हायला तर माझ्यातला खात्यात. उद्या काय म्हणतील गं?"

"मी माझं पाप सांगाय गेले..."

"तुझं सांगायचं हुतं तर तुझंच सांगायचं की. माझं कशाला?" आता तिनं वर बघितलं. "त्या दिशी मी खरं बोलले आनि तू खोटं. आज तू खरं बोललीस. उभी दोन्ही येळेला मीच."

अंबुबाईनं घसरलेली शाल सावरली.

"तुला म्हायती हुतं माझ्या घरातलं?" तिनं विचारलं.

"नंदीशचं दुकान एकच हुतं की. तोच सांगायचा, तुमची म्होरकी आत्ताच न्हेऊन गेली म्हणून."

"मग भंडार उचलला तवा बोलली का न्हाईस? सगळ्या वाडीपुढं?"

चंद्रव्वानं पेला फडक्यानं पुसला, उजेडात धरून बघितला. "बोलले असते तर दुसऱ्या दिशी दुकान उघडलं असतं. बाप्ये वाटच बगत हुते. माझाबी शिक्का आडव्या बाटलीवरच हुता, अंबव्वा. तुझ्या एकटीचा न्हवता."

अंबुबाई तिथल्या पाटावर बसली. शाल काढली, घडी केली, पुढं धरली.

"काय करू तिचं?" चंद्रव्वा म्हणाली. "फरशी पुसायला जाड हुती." मग नारळाकडं बघून म्हणाली, "त्यो ठेव. चटणीला व्हईल."

अंबुबाईनं नारळ ठेवला. धुवायचे पेले अजून पंधरा-वीस होते. तिनं एक उचलला तर चंद्रव्वानं तो हातातून काढून घेतला. "ऱ्हाऊ दे. जा आता. पोरगी वाट बगत आसंल."

घरी आल्यावर अंबुबाईनं स्टूल ओढलं आणि भिंतीवरची चौकट उतरवायला हात घातला. राजनंदिनीनं स्टूल धरलं, पण म्हणाली, "उतरवू नको."

"मग काय करू? ह्या थोबाडाकडं बगत बसू?"

"ते खरंच झालं होतं ना? दुकान बंद झालं होतं ना?"

"व्हय."

"मग राहू दे. खाली लिही."

अंबुबाई स्टुलावरच उभी राहिली. मग उतरली. पोरीनं तक्त्याच्या उरलेल्या कागदाची पट्टी कापून दिली, निळं स्केचपेन दिलं. "मी लिहू का?"

"न्हाय."

सही सोडून तिनं चाळीस वर्षांत काही लिहिलं नव्हतं. जेवणवेळ टळून गेली. विजयमाला दोनदा येऊन बघून गेली. एकेक अक्षर काढताना अंबुबाई ओठ हलवत होती. 'माझ्या घरात बाटली होती. भंडार खोटा उचलला. अंबुबाई.' ओळ चढणीला लागल्यासारखी वर गेली होती.

"आणि चंद्रामावशी?" राजनंदिनीनं हळू विचारलं.

"तिचं नाव न्हाय घालायचं. कंदीच न्हाय." अंबुबाईनं पेनाचं टोपण लावलं. "आनि तू उद्या शाळेत जाशील तवा जी पोरं हसली, त्यास्नी सांग, आज्जीनं सांगितलंय, हसायचं तर मला हसा. घरी येऊन हसा. चहा देते."

"मावशी बोलतील का माझ्याशी?"

"बोलतील. तुझा काय दोष?" मग पट्टी चौकटीखाली चिकटवता चिकटवता, "माझ्याशी न्हाय बोलली तरी चालंल म्हणावं. न्हाय, नको. काई म्हणू नको."

संध्याकाळी शहाजी कामावरून आला. चपला काढता काढता त्याची नजर भिंतीवर गेली. वाचलं. परत वाचलं. वडील पिवळे पडून गेले तेव्हा तो बारावीत होता. आईकडं न बघता तो मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. त्या रात्री त्यानं ताट आपल्या खोलीत मागवलं.

रविवारी करकंबहून कोंडीबा आला, शहाजीचा मामेसासरा. विजयमालेनं पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यानं सवयीनं भिंतीकडं बघितलं, कारण मागच्या खेपेला दीड तास त्याला तिथंच बघावं लागलं होतं. बघता बघता त्याचा पेला ओठाशी थांबला.

"ही काय भानगड, अंबुबाई? खाली काय लिवलंय?"

अंबुबाई भिंतीखाली बसली नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. "वाच की. वरचं चारदा वाचलास, तसं खालचंबी वाच."

कोंडीबानं वाचलं. माणूस भला, वाट काढून द्यायला बघत होता. "घरात हुती मंजी... सिदाप्पानं आणली आसंल. बाप्या माणूस. तुमास्नी काय पत्ता?"

अंबुबाईच्या जिभेवर 'व्हय' आलं. वीस वर्षं असंच येत आलं होतं, तयार, गुळगुळीत. गेलेला माणूस काही बोलायला येणार नव्हता.

"प्याला त्यानं," ती म्हणाली. "आणली मी."

आणि खरं बोलून तोंड भाजल्यासारखं झालं, तशी चहा टाकायला आत गेली.